कुणाचा कोण?

अनेक काळांत एकाच वेळी घडणारी कादंबरी वाचायला डोळे दोन पुरतात, बोटं मात्र तीन लागतात. एक बोट आपण वाचतोय त्या पानावर. दुसरं, मागच्या प्रकरणात सतराव्या शतकातला नायक नदीकाठी तसाच उभा सोडून आलो त्या पानावर. तिसरं बोट पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेल्या वंशवृक्षावर. कादंबरीला वंशवृक्ष जोडलेला दिसला, की समजावं, पुढे आपले हाल आहेत आणि ते लेखकालाही ठाऊक आहे. एवढं सगळं धरून झाल्यावर चहाची कपबशी धरायला हात उरत नाही, ही तक्रार मी अजून कुठल्याच समीक्षेत वाचलेली नाही.

त्यात आमच्या लोहाऱ्यात घरासमोर खुर्ची टाकून पुस्तक वाचत बसलेला चाळिशीपुढचा माणूस दिसला, की रस्त्याने जाणारा थांबतोच.

"कसली परीक्षा काढलीस बाबा आता?"

परीक्षा नाही, कादंबरी आहे, असं सांगितलं की त्याचा चेहरा उतरतो. "मग घरी सगळं बरं हाय ना?"

बरं आहे हे पटवण्यासाठी कथानक सांगावं लागतं. एक बाई आहे, ती आत्ताच्या काळात पुण्यात राहते, तिला जुन्या वाड्यात एक पेटी सापडते, पेटीत १८५७ सालची पत्रं असतात...

"वाडा कुणाचा?"

"तिच्या आईच्या मामाचा."

"मग मामाच्या पोरायनी पेटी कशी काय घेऊ दिली हिला?"

चारशे पानांच्या त्या कादंबरीत हा प्रश्न एकाही पात्राला पडलेला नाही. लेखिकेलाही नाही. आमच्याकडे तो पानपट्टीला निघालेल्या माणसाला उभ्या उभ्या पडतो, आणि तो एकदा पडला की १८५७ चं बंड मागे राहतं. "हिस्सा न मागता पेटी देणारा मामेभाऊ" हेच त्या कादंबरीतलं सगळ्यात काल्पनिक पात्र ठरतं.

पेटीवर या लेखकांची भारीच भिस्त. माळ्यावर पेटी, पेटीत पत्रं, पत्रांत प्रेम. लेखकांनी एकदा आमच्या भागातल्या माळवदाच्या घरात कागद ठेवून बघावेत. वाळवीलाही वाङ्मयाची जाण असते. ती प्रेम खाते आणि सावकाराची चिठ्ठी शाबूत ठेवते. आणि समजा कागद वाचलाच, तर तो मोडीत असतो. कादंबरीतली नायिका एका रात्रीत, मेणबत्तीच्या उजेडात, अडखळल्याशिवाय मोडी वाचून डोळे पुसते. इकडे मोडी वाचणारा माणूस शोधावा लागतो, त्याची वेळ घ्यावी लागते, आणि पणजीचं गुपित म्हणून जपून नेलेला कागद शेवटी करडईच्या पट्टीचा निघतो.

असल्या पुस्तकाची नवी प्रत घेऊ नये, वाचनालयाची घ्यावी, असं माझं मत आहे. आपल्याआधी भरकटलेल्यांनी पेन्सिलीने वाट दाखवलेली असते. मी वाचलेल्या एका प्रतीत पहिला वाचक बहुधा मास्तर असावा. अक्षर वळणदार, शिरोरेषा पट्टीने आखल्यासारखी. त्याने समासात लिहिलं होतं, "ही रखमा म्हणजे पान ४१ वरील रखमा नव्हे." त्याखाली वेगळ्या हातानं, "मग कोणती?" त्याखाली तिसऱ्या हातानं, जरा जोर देऊन, "पान ११८ वरील. पण ती मेली." आणि सगळ्यांच्या खाली बॉलपेनने, अर्थातच ग्रंथपालांचं, "पुस्तकात लिहू नये." एका पानावर चार काळांतली चार माणसं एकमेकांशी बोलत होती. छापील मजकुरापेक्षा हा भाग मला चटकन कळला.

लोकांना काळाच्या उड्या समजत नाहीत, हे मात्र मी मान्य करणार नाही. 'करण अर्जुन' आला १९९५ साली. यात्रेतल्या तंबूत तो पाहणाऱ्या एकाही माणसाने, आत्ता हे मेले होते ते पुन्हा कसे आले, असं विचारलं नाही. 'कर्ज'ला विचारलं नव्हतं, त्याच्याही आधी 'मधुमती'ला विचारलं नव्हतं. तिकिटामागे वंशवृक्ष छापायची गरज कुणाला वाटली नाही. हा व्यवहार आपल्याकडे तेराशे वर्षं तरी चालू आहे. हर्षाच्या दरबारातल्या बाणभट्टाने 'कादंबरी' लिहिली, ती शूद्रक राजाला एक पोपट सांगतो. पोपट सांगता सांगता जाबाली ऋषींनी सांगितलेली गोष्ट सांगू लागतो, त्या गोष्टीत प्रेमिक मरतात, पुन्हा जन्मतात, आणि अखेरीस निघतं असं, की ऐकत बसलेला राजा हाच गोष्टीतला नायक आणि बोलणारा पोपट हा त्याचा जिवलग मित्र. एवढा गुंता करून ठेवून बाणभट्ट ग्रंथ अर्धवट टाकून वारला आणि उरलेला भाग त्याच्या मुलाला पुरा करावा लागला. वडिलांनी करून ठेवलेलं मुलाने निस्तरायचं, हा तर आमच्याकडच्या निम्म्या दाव्यांचा सारांश आहे.

मग अडतं कुठे? हे मला आमच्या आत्याने दाखवून दिलं. शिकवण्याचा तिचा हेतू नव्हता. ती घागरीची गोष्ट सांगत होती.

आत्याकडे एक तांब्याची घागर आहे. पोटाला एका बाजूने चेपलेली, कानाखाली कुणाचंतरी नाव ठोक्यांनी कोरलेलं, त्यातलं पहिलं अक्षर झिजलेलं. सध्या ती नव्या घराच्या व्हरांड्यात मनीप्लांट सांभाळते. माझ्या चुलतभावाची बायको पुण्याची, लग्नानंतर पहिल्यांदाच दिवाळीला आलेली. तिने सहज विचारलं, "आत्या, ही अँटिक आहे का?" झालं.

"ही माझ्या सासूच्या आईनं हिप्परग्याहून आणली. तवा तिथं ती मोठी शाळा व्हती. त्या शाळंतल्या एका मास्तराला धराय पोलीस आले, तर त्यो आमच्या परसात येऊन लपला भिंतीआड, आन् भूकंपात ती भिंतच पडली बघ सगळी."

"अगंबाई! मास्तरांच्या अंगावर?"

"मास्तर कशाला? मास्तर कवाच वारला. भिंत पडली ती तुझ्या चुलत सासऱ्यानं बांधलेली. बहात्तरला खडी फोडून चार पैसं आले, मिलो खाऊन पोट बिघडलं, तरी भिंत बांधली त्यानं. घागर त्या भिंतीखाली घावली, तवा चेपली ही."

"पण मास्तर लपले ते..."

"त्याच जागंला."

सुनेने मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ सालची, स्वामी रामानंद तीर्थ संन्यास घेण्याआधी आणि नंतरही तिथे शिकवत होते, मग ते मोमीनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला गेले, पोलीस होते ते निजामाचे, बहात्तर म्हणजे दुष्काळ आणि भूकंप १९९३ चा, असं मी तिला तारीखवार समजावून दिलं. तिने मान डोलावली आणि अखेर मूळ शंका काढली, "म्हणजे आत्या, ही घागरीची गोष्ट नेमकी कधीची?"

व्हरांड्यातली पाच-सहा माणसं गप्प झाली. आत्याला राग आला नव्हता, तिला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

"कधीची काय इचारायलीस? कुणाची ते इचार की. घागर माझ्या सासूच्या आईची. परस आमच्या थोरल्या मामंजीचं. भिंत तुझ्या चुलत सासऱ्याची. आता सांग, ह्यात कळाय काय न्हाई?"

कळायला खरंच काही नव्हतं. आत्या दर दोन वाक्यांत चाळीस वर्षं ओलांडत होती, पण एकाही माणसाला बिननात्याचं सोडत नव्हती. कादंबरीकार नेमकं उलटं करतो. प्रकरणाच्या डोक्यावर ठळक अक्षरात साल छापतो आणि खाली पात्राला 'तो' म्हणून सोडून देतो. तो दार उघडतो, तो खिडकीबाहेर बघतो, त्याला काहीतरी आठवतं. तीन पानांनी त्याचं नाव कळतं, साठ पानांनी बापाचं. एवढा वेळ आपण एका परक्या माणसाला खिडकीबाहेर बघताना बघत बसायचं. आमच्याकडे असा कुणी खिडकीशी उभा दिसला, तर आधी "कुणाचा रं तू?" होईल, मग पाणी मिळेल, आणि आठवणी सांगायची पाळी त्यानंतर.

साल हा तसाही भरवशाचा आधार नाही, निदान आमच्या तालुक्यात तरी. एक साल सांगायला जावं तर आधी कुणाचं साल ते ठरवावं लागतं. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि निजामकाळातले जुने कागद तपासायला निघाले, तेव्हा गावोगाव माणसं आपापल्या पणजोबांच्या शोधात तहसीलकडे धावली. खासरा, सेतवार, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, जे मिळेल ते. आमच्या गल्लीतला एक तरुण एका नकलेची झेरॉक्स घेऊन धापा टाकत आला. पणजोबाच्या नावासमोर साल होतं १३४३. बहमनी राज्य स्थापन झालं १३४७ साली. म्हणजे गुलबर्ग्याच्या गादीवर सुलतान बसायच्या चार वर्षं आधी याचा पणजोबा लोहाऱ्यात शेतसारा भरत होता! पोरगा दोन दिवस त्या थाटात वावरला. मग आबांनी त्याला सांगितलं, की बाबा, ते फसली साल आहे, त्यात ५९० मिळव. निघालं १९३३. सुलतानाच्या आधीचा पणजोबा क्षणात टिळकांच्याही नंतरचा झाला. पोराचा चेहरा बघवत नव्हता.

आबा निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले. अर्धं आयुष्य त्यांच्या उर्दूला कुणी विचारलं नाही, त्या हंगामात मात्र त्यांच्या ओट्यावर रांग लागायची. ते चष्मा कपाळावर ढकलून कागद डोळ्यांपाशी नेत, "आजुर, दै, बहमन, इस्फंदार" असे फसली महिने पुटपुटत आणि निकाल देत. निकाल बरा असो की वाईट, चहा समोरच्याने सांगायचा. आबांची स्वतःची जन्मतारीख मात्र १ जून आहे. तालुक्यातल्या त्यांच्या वयाच्या सगळ्यांचीच १ जून आहे. शाळेत घालताना मास्तर लिहितील तो वाढदिवस. एकाच तारखेला एवढी माणसं जन्मल्याचं एखाद्या कादंबरीकाराने लिहिलं असतं, तर लोकांनी त्याला जादूई वास्तववाद म्हटलं असतं.

शिवाय आबा जन्मले हैदराबाद संस्थानात. पोलीस ॲक्शन झाली १९४८ च्या सप्टेंबरात, सोलापूरहून नळदुर्गमार्गे फौजा आल्या आणि संस्थान संपलं. १ नोव्हेंबर १९५६ ला आबा मुंबई राज्यात गेले, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. तालुका आधी उमरगा होता, मग लोहारा झाला. जिल्हा उस्मानाबाद होता, तो २०२३ मध्ये धाराशिव झाला. या सगळ्या काळात आबांनी घर बदललेलं नाही. पोस्टमनला पत्ता नेहमीच कळला, कारण पाकिटावर राज्य, जिल्हा काहीही असो, मधल्या ओळीत कुणाचा मुलगा ते लिहिलेलं असायचं.

त्या हंगामात प्रत्येकाला वंशावळ लिहून द्यावी लागली. स्टँपपेपरवर, प्रतिज्ञापत्रासह. गावात कादंबरी न वाचलेल्या माणसांनी तेव्हा पाच पाच पिढ्यांचे वंशवृक्ष काढले. आजोबाचं नाव नातवाला द्यायची रीत असल्याने वरून खाली तुकाराम-विठ्ठल-तुकाराम-विठ्ठल अशी वीण पडलेली. मार्केझच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'मध्ये सगळ्या पिढ्यांत तीच ती नावं येतात म्हणून जगभरच्या वाचकांनी डोकं धरलं. त्यांना आमच्या तहसीलबाहेरच्या टपरीवर आणून बसवायला हवं होतं. तिथला अर्ज लिहिणारा लेखनिक पेनचं टोपणसुद्धा न चावता विचारायचा, "ह्यो विठ्ठल म्हंजे हिरीवाला का वरच्या आळीचा?"

भूकंपाबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण आमच्याकडचं कुठलंही बोलणं त्याला वळसा घालून जात नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, माणसं गणपती बोळवून दमून निजलेली. किल्लारीचं नाव जगाला कळलं, पण आमचं सास्तूरही त्याच पहाटे गेलं. माळवदाच्या घरांच्या हातभर रुंद दगडमातीच्या भिंती आतल्या माणसांवर आल्या. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, आखीव गल्ल्या, घरांना नंबर. तेव्हापासून या गावांतला प्रत्येक माणूस दोन कथानकांत राहतो. नव्या गावात खाटेवर बसलेला म्हातारा "जरा गावात जाऊन येतो" म्हणतो आणि जुन्या पांढरीकडे चालू लागतो. "मारुतीच्या मागं घर" असं सांगतो तेव्हा मारुती जुना की नवा, हे ऐकणाऱ्याने ओळखायचं असतं, आणि तो ओळखतो. काळ मोजायला आमच्या भागाला मिळालेली ही खूण कुणी मागितलेली नव्हती. तिच्यावर चेष्टा करायचा हक्क आम्ही बाहेरच्याला देत नाही, आपसात मात्र थोडी करतो.

म्हणूनच नेमाड्यांची 'हिंदू' २०१० साली आली आणि शहरातले वाचक सुरुवातीच्याच पानांत हरवल्याच्या तक्रारी करू लागले, तेव्हा मला नवल वाटलं. खंडेराव मोहेंजोदडोला उत्खननावर आहे. वडील अत्यवस्थ असल्याचं कळतं आणि तो मोरगावला निघतो. वाटेत सिंधू संस्कृती, फाळणी, भावकी, सगळं एकातून एक निघत जातं. आता, बाप आजारी पडल्यावर गावाकडे निघालेल्या माणसाच्या डोक्यात दुसरं काय येणार? एसटीत शेजारी बसलेला कुणीही असा माणूस तुम्हाला हडप्पा सोडून बाकी सगळं सांगतो. पुस्तक जाड आहे, हे मान्य. झोपून वाचताना छातीवर पडतं. पण नेमाडे नातं सोडत नाहीत, त्यामुळे मी काळाची फिकीर सोडून दिली आणि पार झालो.

कुर्रतुलऐन हैदर यांच्या 'आग का दरिया'ने मात्र माझा घाम काढला. १९५९ सालची ही उर्दू कादंबरी, मी वाचली हिंदीतून. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात सुरू होते आणि फाळणीच्या पुढे येऊन थांबते. गौतम, चंपा, कमाल ही नावं वेगवेगळ्या युगांत परत येतात. माणसं तीच की दुसरी, याचा खुलासा लेखिका करत नाही. नातं विचारावं तर नातंच नाही. फक्त नाव. मी अडलो, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून आत्याकडे गेलो आणि तिला गोष्ट सांगितली. सून तिथेच करंज्या भरत बसली होती.

सांगितलं की एक गौतम नावाचा विद्यार्थी आहे, त्याच्यावर चंपक नावाच्या मुलीचा जीव आहे, तो निघून जातो. मग दोनेक हजार वर्षांनी लखनौत चंपाजान आहे, तिथेही एक गौतम येतो.

"आन् जातो?" आत्या.

"जातो."

"मग?"

"मग इंग्रजांच्या शेवटी आणखी एक चंपा."

"तिलाबी सोडून गेले का?"

"हो, साधारण तसंच."

आत्याने करंजीची कड दाबली. "दोन हजार वर्सं हीच पोरगी मागं ऱ्हायली व्हय? हिच्या माहेरचं कुणी बोलायला गेलं न्हाई का त्या गौतमाच्या बापाकडं?"

मौर्यांपासून माउंटबॅटनपर्यंत कुणीही गेलं नव्हतं. मी तसं कबूल केलं. आत्या जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आपल्या अचलेरच्या चंपाचं असंच झालं."

मी विचारणारच होतो, की हे केव्हा. त्याआधी सुनेने पिठाचा हात झटकला आणि म्हणाली, "कुणाची हो आत्या ही चंपा?"

आत्याने सारणाचं ताट तिच्याकडे सरकवलं. "ये, जवळ सरक. ह्याला ऱ्हाऊ दे, त्यो पुस्तक वाचंल. तर चंपा आपल्या घागरीवाल्या आजीची धाकटी बहीण..."